लसूणघासाचा उजेड

पहिल्या उंदराचे चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटले तेव्हा त्याच्या पोटावर लाल-पिवळा डाग झळकत होता, आणि तो पाहून मला जो आनंद झाला त्याची आज थोडी लाज वाटते. गाठ स्तनग्रंथीत, म्हणजे मागच्या पायाच्या वर कडेला लावलेली होती. डाग मात्र पोटाच्या मधोमध होता. कर्करोग आत पसरला आहे आणि तो आपण जिवंत उंदरात, कातडी न उघडता पाहिला, असा अर्थ मी क्षणात लावून टाकला आणि सरांना फोन करण्यासाठी मोबाईल हातात घेतला. मागे प्राणीगृहातले सर्वांत जुने कर्मचारी उभे होते, ज्यांना तिथले लहानथोर सगळेच ‘मामा’ म्हणतात. त्यांनी इतकेच विचारले, “ताई, सुई न दिलेला उंदीर ठेवून बघितला का मशीनमध्ये?” मी तो ठेवला नव्हता. ठेवला, तर त्याच्याही पोटावर तोच डाग होता.

मी मूळची रसायनशास्त्राची. मध्य मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी सायनाइन जातीची रंगद्रव्ये बनवत होते, आणि तोवर उंदराशी माझा संबंध घरातल्या सापळ्यापुरताच आला होता. या रंगद्रव्यांची रचना सांगायला सोपी आहे. दोन टोकांना नायट्रोजन असलेली दोन कडी आणि मध्ये एकाआड एक दुहेरी बंध असलेली कार्बनची साखळी. साखळीत तीन कार्बन असतील तर रेणू साधारण ५५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, पाच असतील तर ६५० आणि सात असतील तर ७५० किंवा त्याहून थोडा जास्त. दोन कार्बन वाढवले की सुमारे शंभर नॅनोमीटरची उडी मिळते. ही उडी हवी असते ती शरीरामुळे. लहानपणी चाळीत दिवे गेले की आम्ही बॅटरीवर तळहात दाबून धरायचो आणि हात आतून लाल पेटलेला दिसायचा. निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन पिऊन टाकते, लाल तेवढा पार होतो. तांबड्याच्या टोकापासून पलीकडे, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्ताचे शोषण कमी झालेले असते आणि पाण्याचे अजून वाढलेले नसते. या फटीतून प्रकाश आत घालायचा, रंगद्रव्याने तो शोषून थोड्या लांब तरंगलांबीचा परत सोडायचा आणि शून्याखाली थंड केलेल्या कॅमेऱ्याने तो टिपायचा, हा सगळा खेळ. हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावरचा लाल-पिवळा रंग संगणकाने दिलेला असतो, ही गोष्ट मला ठाऊक होती, पण तिचा अर्थ पुढे बऱ्याच महिन्यांनी कळला.

या जातीतले सर्वांत जुने आणि आजही दवाखान्यात रोज वापरले जाणारे रंगद्रव्य म्हणजे इंडोसायनाइन ग्रीन. ते कोडॅकच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५९ साली अमेरिकेत त्याला वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली. डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला आणि यकृताचे काम तपासायला ते चांगले आहे, परंतु रक्तात ते मोजकी मिनिटेच टिकते; यकृत ते उचलून पित्तात टाकते आणि गाठीसाठी फारसे काही उरत नाही. सात कार्बनांच्या काही इतर सायनाइनांचे मात्र वेगळे आहे. टोचल्यानंतर २४ किंवा ४८ तासांनी शरीर बरेचसे निवळते, तरी गाठीत ती टिकून राहतात, आणि त्यासाठी त्यांना कुठले प्रतिद्रव्य किंवा पेप्टाइड जोडावे लागत नाही. कर्कपेशींच्या पृष्ठभागावर ओएटीपी नावाची वाहक प्रथिने जास्त असतात आणि ती हा रेणू आत ओढतात, असे स्पष्टीकरण २०१० च्या सुमारास पुढे आले आणि बराच काळ सर्वमान्य राहिले. माझा रेणू त्याच घराण्यातला होता, साखळीच्या मध्यावर क्लोरीनचा अणू असलेला.

उंदरांपर्यंत पोचायला परवानगीचा टप्पा पार करावा लागतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत एक प्राणी नीती समिती असते आणि तिच्यापुढे ‘फॉर्म बी’ भरून ठेवावा लागतो. किती उंदीर, का तेवढेच, वेदना किती होईल, ती कशी कमी कराल, गाठ किती वाढली की प्रयोग थांबवाल, शेवट कसा कराल, हे सगळे त्यात लिहायचे असते. रसायनशास्त्रात प्रयोग फसला की चंचुपात्र धुऊन पुन्हा सुरुवात करायची सवय लागलेली. इथे एकेका उंदराचा हिशेब द्यायचा होता. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा ही त्रिसूत्री मांडली तीसुद्धा १९५९ सालीच, हे मला तो फॉर्म भरताना समजले. मला दोन बैठका आणि तीन दुरुस्त्या लागल्या, आणि त्या दुरुस्त्यांमुळे प्रयोग सुधारला हे मान्य करायला हवे.

त्यानंतर हात बसवण्याचा काळ. वीस ग्रॅमच्या उंदराच्या शेपटीत दोन्ही कडांना एकेक शीर असते, शिवणकामाच्या दोऱ्याएवढी. शेपूट कोमट पाण्यात धरली की ती फुगते. मग इन्शुलिनच्या सुईने शंभर मायक्रोलिटर द्रव हळूहळू सोडायचा. सुई शिरेत असेल तर दट्ट्या विनासायास सरकतो आणि शीर क्षणभर निवळलेली दिसते. जरा जोर लावावा लागला की समजायचे, सुई बाहेर आहे. हे मामांनी मला साध्या सलाइनवर शिकवले. शिकवताना ते माझ्या हाताकडे फारसे पाहत नसत, उंदराच्या कानांकडे आणि श्वासाकडे पाहत असत. पुढे खरे रंगद्रव्य टोचायला लागल्यावर चुकलेली सुई लपवायची सोय राहिली नाही, कारण पडद्यावर त्या उंदराची शेपूट ट्यूबलाइटसारखी पेटलेली दिसे आणि बाकीचे शरीर काळे. असे चार उंदीर माझ्या नावावर आहेत आणि ते नोंदवहीत तसेच लिहिले आहेत.

आता त्या पोटावरच्या डागाकडे. माझे स्वतःचे रंगद्रव्य तेव्हा अजून शुद्ध होत होते, म्हणून सरावासाठी मी फ्रीजमधले एक विकतचे पाच कार्बनी रंगद्रव्य घेतले होते, ६७५ च्या आसपास शोषणारे आणि ६९५ च्या आसपास उजळणारे. मामा म्हणाले, “यांच्या पेलेटमध्ये लसूणघास असतो, गुरांना घालतात तोच. त्याचा उजेड आहे हा. तुमच्याआधी दोघांचं असंच झालंय.” लसूणघासात हरितद्रव्य असते, हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते आणि ६७० च्या पुढे स्वतः उजळते, हे मी बी.एस्सी.ला शिकले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. ते उंदराच्या आतड्यात बसून माझ्यासमोर येईल असे मात्र वाटले नव्हते. सरांना फोन लागला नव्हता, हे नशीब.

उपाय दोन होते आणि दोन्ही केले. पहिला म्हणजे खाद्य बदलणे. हरितद्रव्य नसलेल्या, केसीन, मक्याचा स्टार्च, साखर आणि सोयाबीन तेल यांपासून बनवलेल्या गोळ्या मिळतात. त्या महाग असतात आणि उंदरांना सुरुवातीला आवडत नाहीत, त्यामुळे पहिले काही दिवस रोज वजन करावे लागले. खाद्य बदलून तीन दिवस झाले तरी डाग पूर्ण जाईना. याही वेळी उत्तर मामांकडेच होते. उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात, तेव्हा पिंजऱ्यातला मक्याच्या कणसांचा जुना भुगा त्याच दिवशी पूर्ण बदलायला हवा, नाहीतर कालचा लसूणघास पुन्हा पोटात जातो. भुगा बदलल्यानंतर आठवडाभरात पोटे काळी झाली. दुसरा उपाय अधिक लांब तरंगलांबीकडे, म्हणजे ८०० च्या खिडकीत सरकण्याचा, आणि तिथे तर मला जायचेच होते.

माझा रेणू तयार झाला तो ऐन जुलैमध्ये, आणि मुंबईच्या जुलैत मिलिग्रॅमभर भुकटी तोलणे म्हणजे काय ते त्यातून गेलेल्यालाच कळेल. फ्रीजमधली बाटली खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली तर आत दव धरते, हा धडा आधीच मिळाला होता. परंतु नीट थांबून, वाळवून उघडलेली भुकटीसुद्धा काट्यावर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत चढत जाई: १.२, १.३, १.३, १.४. रेणू हवेतले पाणी पीत होता आणि मी पाण्यासकट वजन लिहीत होते. त्या दिवसापासून काट्यावर विसंबणे सोडले. भुकटी मिथेनॉलमध्ये विरघळवायची, वर्णपटमापकावर शोषण मोजायचे आणि त्यावरून संहती काढायची. या रेणूंचा शोषणगुणांक दोन लाखांच्या घरात असल्याने थेंबभर द्रावणही पुरते.

दुसरी चूक अधिक खोल होती. द्रावण जितके घट्ट तितका उजेड जास्त, अशी माझी साधी समजूत. पाण्यात, त्यातही मिठाच्या पाण्यात, हे चपटे रेणू पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचले जातात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता म्हणून सोडतात. सुट्या अवस्थेतही ते काही फार उजळणारे नसतात. इंडोसायनाइन ग्रीन पाण्यात असताना त्याने शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी जेमतेम दोन-तीन परत येतात. मी केलेले घट्ट, गर्द हिरवे द्रावण कॅमेऱ्याखाली जवळजवळ काळे होते, आणि शेजारची शंभरपट पातळ केलेली, डोळ्यांना पाण्यासारखी दिसणारी नळी लखलखत होती. त्या दोन नळ्या शेजारी-शेजारी पाहिल्या नसत्या तर मी उंदरांना घट्ट द्रावण टोचून ‘रंगद्रव्य निकामी’ असा निष्कर्ष लिहून मोकळी झाले असते.

रंगद्रव्य परळला, उंदीर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तपकिरी बाटली अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात घालून मी ती कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने न्यायचे. एकदा रुळांवर पाणी साचल्याने वाटेत दोन तास अडकले, तेव्हा शेजारच्या काकूंनी “डब्यात मासळी आहे का गं?” असे विचारले होते. औषध आहे, असे सांगितले.

सप्टेंबरात मुख्य प्रयोग सुरू झाला. बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या माद्या, त्यांच्या चौथ्या स्तनग्रंथीत प्रत्येकी एक लाख ४टी१ पेशी. या पेशी याच जातीच्या उंदराच्या स्तनाच्या कर्करोगातून आलेल्या असल्याने शरीर त्यांना परके मानत नाही. दहाव्या दिवसाच्या आसपास बोटाला तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागते. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, असे तिचे घनमान काढायचे. गाठ पुरेशी झाल्यावर केस काढले, कारण पांढरे केसही प्रकाश विखुरतात, आणि प्रत्येकीला दहा नॅनोमोल रंगद्रव्य दिले. चित्र घेताना आयसोफ्लुरेनची भूल, खाली ३७ अंशांची उबदार पट्टी आणि डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम. पहिल्या तासात सगळा उंदीर उजळ, सहाव्या तासाला यकृत, चोविसाव्या तासाला यकृत मावळते आणि गाठ उरते. अठ्ठेचाळीस तासांनी गाठ इतकी स्वच्छ दिसत होती की या वेळी मी फोन केला.

सर आले, चित्रे पाहिली आणि त्यांनी रंगपट्टीवर बोट ठेवले. यंत्राची मूळ सोय अशी असते की प्रत्येक चित्रातल्या सर्वांत उजळ बिंदूला लाल रंग द्यायचा आणि बाकीचे त्याच्या तुलनेत रंगवायचे. परिणामी ज्या उंदरात काहीच नाही त्याच्यातही कुठेतरी लाल येतोच. सगळ्या चित्रांना एकच पट्टी लावली तेव्हा माझ्या बारापैकी दोन ‘उत्तम’ गाठी फिक्या निळ्या झाल्या. त्या दिवसापासून मी संशोधन लेखांतली चित्रे वाचण्याआधी कडेची पट्टी वाचते. अनेकदा ती छापलेलीच नसते.

तरीही दहा गाठी खरोखर उजळ होत्या. शवविच्छेदनानंतर अवयव वेगळे मांडून चित्र घेतले तेव्हाही गाठ फुप्फुस, हृदय आणि प्लीहा यांच्या पुढे होती, यकृत आणि मूत्रपिंड तिच्या बरोबरीचे. प्रबंधाच्या मसुद्यात मी ‘कर्करोगविशिष्ट रंगद्रव्य’ असे शब्द लिहिले. सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून शेजारी ‘कशावरून?’ एवढेच लिहिले.

माझ्याकडे पुरावा होता, किंवा मला तसे वाटत होते. ओएटीपी वाहकांना अडवणारे सल्फोब्रोमोफ्थॅलिन आधी दिले की पेशींमधला उजेड घटत होता. अडचण ही की तेच सल्फोब्रोमोफ्थॅलिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनालाही घट्ट धरते, आणि पेशी ज्या माध्यमात वाढवल्या होत्या त्यात वासराचा सीरम, म्हणजे अल्ब्युमिन होतेच. अलीकडच्या काळात काही संशोधकांनी दाखवून दिले आहे की मध्यावर क्लोरीन असलेले हे रेणू अल्ब्युमिनला नुसते चिकटत नाहीत, तर त्याच्या चौतिसाव्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी क्लोरीन सोडून कायमचा बंध जोडतात. हे तपासणे रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला अवघड नव्हते, आधी सुचले मात्र नव्हते. माझे रंगद्रव्य आणि अल्ब्युमिन एका नळीत, इंडोसायनाइन ग्रीन आणि अल्ब्युमिन दुसऱ्या नळीत, दोन्ही डिटर्जंटमध्ये उकळून, प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर सोडले. नुसते चिकटलेले रंगद्रव्य अशा वागणुकीने सुटून खाली वाहून जाते, आणि दुसऱ्या रांगेत तसेच झाले. पहिल्या रांगेत ६६ किलोडाल्टनच्या रेषेवर, जिथे अल्ब्युमिन थांबते तिथेच, एक आखीव पट्टा उजळत होता.

म्हणजे माझा रेणू शरीरात शिरताच अल्ब्युमिनच्या पाठीवर बसत होता. माणसात अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे १९ दिवसांचे असते. उंदरात ते दिवस-दीड दिवसाचे, तरी इंडोसायनाइन ग्रीनच्या मिनिटांपेक्षा पुष्कळच मोठे. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, भोकाभोकांच्या असतात आणि लसिकेचा निचरा तुंबलेला असतो, त्यामुळे मोठी प्रथिने तिथे झिरपून अडकतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी हे १९८६ साली मांडले होते. वाहक प्रथिनांचा वाटा शून्य आहे असे मी म्हणत नाही, परंतु माझ्या चित्रांमधला बराचसा उजेड गळक्या वाहिन्यांचा असू शकत होता. गळक्या वाहिन्या साध्या सुजेतही असतात. शस्त्रक्रियेत वापरायच्या रंगद्रव्याच्या बाबतीत हा फरक पुस्तकी राहत नाही, कारण सर्जन जे उजळले ते कापतो. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळालेले पॅफोलॅसिॲनाइन फोलेटच्या ग्राहकाला धरते, म्हणजे त्याला निदान एक ठराविक पत्ता तरी आहे. माझ्या रेणूला पत्ता आहे की तो नुसता तुंबलेल्या गल्लीत अडकतो आहे, हे आधी ठरवायला हवे होते.

म्हणून पुन्हा फॉर्म बी. कर्करोग नसलेल्या सहा माद्या, एका मागच्या पायात कॅराजीनन टोचून आणलेली सूज, आणि तेच दहा नॅनोमोल. समितीने विचारले, वेदनेचे काय? मेलॉक्सिकॅमसारखे सूज उतरवणारे वेदनाशामक लिहिले असते तर सूजच उतरली असती आणि प्रयोगाला अर्थ उरला नसता. ब्युप्रेनॉर्फिन चालते, पण ते मादक पदार्थांच्या कायद्याखाली येते. त्याचा साठा कुलपात, नोंदवही वेगळी आणि प्रत्येक मात्रेला दोन सह्या. तसे लिहून दिले आणि परवानगी मिळाली. जानेवारीत पहिल्या मादीला औषध देताना दुसरी सही मामांची होती. चोवीस तासांनी तिला यंत्रात ठेवण्याआधी, न सांगता, त्यांनी शेजारी सुई न दिलेली एक मादी ठेवली. मी गाठींच्या चित्रांचीच पट्टी लावली. सुजलेला पाय पिवळा दिसत होता, त्याच गाठींच्या सरासरीच्या निम्म्याहून थोडा जास्त. दुसरा पाय काळा आणि शेजारची मादी पूर्ण काळी. मामांनी वहीत वेळ लिहिली आणि पुढचा पिंजरा आणायला गेले.